प्रकृती आणि प्रत्यय : मोने यांचे ‘बागेतील स्त्री’ आणि बालकवींचा श्रावण

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८६७ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील सँत-आद्रेस या गावी एक तैलचित्र रंगविले. शुकिन या रशियन व्यापारी घराण्याच्या संग्रहातून ते पुढे सरकारजमा झाले आणि आज सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. चित्राचे नाव ‘बागेतील स्त्री’. मोकळ्या हिरवळीच्या मध्यभागी एक फुललेले गुलाबाचे झाड आहे, त्याच्या बुडाशी तांबड्या फुलांचा गोल ताटवा आहे आणि मागे गर्द झाडांची भिंत उभी आहे. डाव्या अंगास एक स्त्री शुभ्र झगा परिधान करून, हाती छत्री घेऊन उभी आहे. तिचे तोंड गुलाबाच्या झाडाकडे आहे, प्रेक्षकाकडे नाही. ती चित्रकाराच्या आप्तांपैकी, झान-मार्गरित लकाद्र नावाची स्त्री होती, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. चित्र मात्र ते सांगत नाही. तिचा चेहरा ओळखता यावा अशी चित्रकाराची इच्छाच दिसत नाही. दुपारचे ऊन झग्यावर पडले म्हणजे पांढऱ्या कापडाचे काय होते, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

या चित्रपद्धतीस पुढे जे नाव मिळाले ते १८७४ मधील. त्या वर्षी पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनातील मोने यांच्याच एका सूर्योदयाच्या चित्राचे शीर्षक घेऊन लुई लरुआ या पत्रकाराने साऱ्या मंडळींची थट्टा केली आणि थट्टेचेच पुढे नाव झाले. मराठी कलासमीक्षेने त्या नावासाठी ‘दृक्प्रत्ययवाद’ हा शब्द घडविला व विश्वकोशानेही तो स्वीकारला. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात ‘प्रत्यय’ म्हणजे अनुभव, प्रतीती, हा अर्थ होता यात संशय नाही. परंतु मराठी वाचकाला प्रत्यय हा शब्द प्रथम भेटतो तो व्याकरणाच्या पुस्तकात. तेथे प्रकृती म्हणजे मूळ शब्द आणि प्रत्यय म्हणजे त्याला मागाहून जडणारा, एकटा उभा राहू न शकणारा अंश. हा दुसरा अर्थ पारिभाषिक शब्दात नकळत शिरला असला, तरी प्रस्तुत चित्राच्या बाबतीत तोच अधिक उपयोगी पडतो. झगा, हिरवळ, स्त्री ही प्रकृती. ऊन हा प्रत्यय. मोने यांच्या फलकावर प्रत्ययाने प्रकृतीवर कुरघोडी केली आहे.

हा विषय खानदेशातील वाचकास दूरचा वाटण्याचे कारण नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्याकडून, त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. (मोने यांनी गवताच्या गंजींची आपली प्रसिद्ध चित्रमाला हाती घेतली तीही १८९० च्याच वर्षाखेरीस. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. परंतु कवी आणि चित्रकार हे एका काळाचे होते हे ध्यानात राहते.) बालकवींच्या कवितेस ‘शब्दचित्र’, ‘रंगांची उधळण’, ‘कुंचल्याचे काम’ अशी विशेषणे लावण्याचा प्रघात वर्गात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत रूढ आहे. त्याच ओघात त्यांना दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या पंक्तीस बसविले जाते. हे बसविणे कितपत टिकते, हे सँत-आद्रेसची स्त्री समोर ठेवून पाहण्यासारखे आहे.

प्रथम शीर्षकच घ्यावे. ‘बागेतील स्त्री’ हे भाषांतर बिनचूक आहे आणि तरीही खानदेशात ते भलतेच चित्र उभे करते. या भागात ‘बाग’ म्हटले की केळीची बाग डोळ्यांसमोर येते; ‘बागाईत’ म्हणजे ओलिताची जमीन. अशा बागेत स्त्री असेल तर ती कामावर असेल, तिच्या डोक्यावर ओझे किंवा हातात विळा असेल, आणि छत्री असण्याचा प्रश्न उद्भवणार नाही. ‘उद्यान’ म्हणावे तर शब्द संस्कृत नाटकातील राजकन्येकडे ओढतो. ‘परस’ म्हणावे तर घरामागची तुळस, अळू आणि धुण्याची शिळा दिसते. बसणे, फिरणे आणि दिसणे याखेरीज जिचा उपयोग नाही अशी खाजगी फुलबाग मराठी गावाच्या रचनेत फारशी नव्हती, म्हणून तिला नेमका शब्दही नाही. सँत-आद्रेसची बाग ही ल हाव्र बंदरातील सुखवस्तू व्यापारी कुटुंबांच्या उन्हाळी विश्रांतीची जागा होती. ल हाव्र हे फ्रान्सचे कापसाचे मुख्य बंदर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला तेव्हा युरोपातील गिरण्या हिंदुस्थानातील कापसाकडे वळल्या आणि त्या तेजीचा वाटा खानदेशासही मिळाला. मोने यांनी रंगविलेल्या पांढऱ्या झग्यामागे जी श्रीमंती आहे ती आणि धरणगाव-जळगावची कापूसपेठ ही एकाच व्यापाराची दोन टोके होत. चित्रातील स्त्री रिकामी उभी आहे, आणि तिच्या त्या रिकामपणामुळेच चित्रकाराला तिच्यावरील ऊन सवडीने न्याहाळता आले.

झग्याचा रंग कोणता? चटकन उत्तर येते, पांढरा. मराठी बोलणारा याहून पुढे जाऊन ‘पांढराशुभ्र’ म्हणेल. परंतु फलकाजवळ जाऊन पाहिले तर निर्भेळ पांढरा रंग थोडाच सापडतो. उजेडाच्या बाजूस किंचित पिवळी झाक आहे, सावलीच्या बाजूस निळी, आणि घडीच्या खोलगट भागात राखी. येथे मराठी शब्दसंग्रहाची एक मौजेची अडचण उघडी पडते. रंगाच्या छटा सांगण्यासाठी मराठीजवळ दोन साधने आहेत. एक जोडपदांचे : हिरवागार, काळाभोर, निळाशार, पिवळाजर्द, लालभडक. यांतील उत्तरपदे बहुधा आपापल्या रंगाशीच बांधलेली असतात आणि रंग त्या वस्तूच्या अंगचा, पुरता मुरलेला आहे अशी ग्वाही देतात. हिरवेगार शेत ढगाखालीही हिरवेगारच असते. दुसरे साधन प्रत्ययांचे : निळसर, लालसर, तांबूस, हिरवट, पिवळट, काळपट, पांढरट. हे प्रत्यय रंग पूर्ण नाही, नुसता भासतो आहे असे सांगतात. दृक्प्रत्ययवादी चित्राचे वर्णन करावयाचे तर हेच साधन हवे.

परंतु या दुसऱ्या साधनाला लोकव्यवहारात एक डाग लागलेला आहे. पिवळट म्हटले की जुना कागद किंवा दात आठवतात. पांढरट म्हटले की आजाऱ्याची जीभ. हिरवट हा शब्द तर म्हाताऱ्यांना लावला तर शिवीच होते. मळकट, कळकट, धुरकट हे या प्रत्ययाचे शेजारी. हा दोष ‘ट’ या ध्वनीचा आहे असे म्हणता येत नाही, कारण आंबट आणि खारट हे शब्द निरुपद्रवी आहेत. ‘सर’ या प्रत्ययालाही हा डाग फारसा लागलेला नाही. निळसर, लालसर हे शब्द सभ्य आहेत. तथापि एकंदर कल स्पष्ट आहे. मराठी मनाला पूर्ण रंग निरोगी वाटतो आणि अपुरा रंग विटलेला, नासलेला किंवा आजारी वाटतो. म्हणून मोने यांच्या चित्रातील झगा ‘निळसर, पिवळट पांढरा’ आहे असे लिहिले की वाचकाला तो धुवावयास टाकण्यासारखा वाटू लागतो.

यात मराठीने लाजावे असे काही नाही, कारण पॅरिसच्या टीकाकारांनाही नेमके असेच वाटले होते. १८७६ च्या प्रदर्शनात रन्वार यांचे, झाडांच्या पानांतून गाळून आलेल्या उन्हात बसलेल्या एका विवस्त्र स्त्रीचे चित्र होते. अल्बेर वोल्फ या ‘फिगारो’च्या टीकाकाराने तिच्या अंगावरील हिरवे-जांभळे ठिपके पाहून हे कुजत चाललेल्या मांसासारखे आहे अशा अर्थाचे लिहिले. त्याला त्वचेचा रंग ठाऊक होता आणि तो त्याला तेथे सापडेना. पानांची सावली अंगावर पडली म्हणजे अंग काही वेळ हिरवट होते, ही गोष्ट त्याने आयुष्यभर पाहिली असेल, परंतु तिची दखल घेण्याचे कारण त्याला पडले नव्हते. मराठीत ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ यांत जो भेद आहे तो येथे कामी येतो. पाहणाऱ्याला कर्तेपण असते : तो पाहतो. दिसण्यात कर्तेपण वस्तूकडे जाते आणि मनुष्य चतुर्थीत उरतो : त्याला दिसते. वोल्फ पाहत होता; रन्वार आणि मोने यांनी आपल्याला जे दिसते तेवढेच लिहून घ्यावयाचे असा हट्ट धरला होता.

आता बालकवींकडे वळावे. ‘फुलराणी’ या कवितेच्या आरंभीच गवताचा हिरवा रंग द्विरुक्तीने येतो आणि वर त्याला ‘गार’ हे उत्तरपद जडते. म्हणजे कवीने पहिल्याच क्षणी जोडपदांचे साधन उचलले, प्रत्ययांचे उचलले नाही. त्यापुढे गवत गालिचा होते, मखमल होते. हे दोन्ही शब्द कापडाचे आहेत आणि कापडाचा अनुभव डोळ्यांइतकाच हाताचा असतो. मोने यांच्या चित्रात कापडाचे ऊन होते. बालकवींच्या कवितेत गवताचे कापड होते. एकाची दिशा स्पर्शाकडून दृष्टीकडे, दुसऱ्याची दृष्टीकडून स्पर्शाकडे. दोघांनाही ‘रंगांचे जादूगार’ म्हणून एका पिशवीत घालणाऱ्यांनी एवढे तरी पाहावयास हवे होते.

त्याहून मोठा भेद उजेडाच्या भूमिकेत आहे. ‘फुलराणी’त सूर्याचा किरण हा वर आहे. संध्याकाळी वारा कळीची थट्टा करतो, ती लाजते, रात्र सरते आणि पहाटे विवाहाची तयारी होते. चंडोल वाङ्‌निश्चयास निघतो, दवाचा अंतःपट फिटतो आणि वधू-वरांची भेट होते. ‘किरण’ शब्द मराठीत पुल्लिंगी आहे, ‘कळी’ स्त्रीलिंगी आहे, आणि ‘फूल’ नपुंसकलिंगी असल्यामुळे त्याला ‘राणी’ जोडून वधूपद द्यावे लागले. फ्रेंचमध्ये उजेडाचा सामान्य शब्द स्त्रीलिंगी असल्याने तेथे ही सोयरीक दुसऱ्या रीतीने जुळवावी लागली असती. अर्थात व्याकरणाने कविता लिहिली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. मराठीत ‘तिरीप’ हा स्त्रीलिंगी शब्दही हाताशी होता. कवीने तो घेतला असता तर लग्न झाले नसते, दोन मैत्रिणींची गाठ पडली असती. बालकवींनी किरण निवडला, कारण त्यांना उजेडाला माणूस करावयाचे होते. मोने यांच्या बागेत उजेड कोणाचाही नवरा नाही, मित्र नाही. तो येतो, रंग बदलतो, जातो. फुलाची स्त्री करणारा कवी आणि स्त्रीचा फुलासारखा एक पांढरा डाग करणारा चित्रकार यांना एकाच वादाचे अनुयायी मानणे कठीण आहे.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण ‘श्रावणमास’ या कवितेत आहे, आणि त्याची दखल न घेता निकाल देणे अन्यायाचे होईल. तेथे क्षणात सर येते आणि क्षणात ऊन पडते. सूर्य मावळला असे वाटते, तोच तो पुन्हा उघडतो आणि झाडांच्या शेंड्यांवर व उंच घरांवर ऊन पडते. येथे ‘वाटणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. कोणाला वाटले ते कवी सांगत नाही. चतुर्थीतील मनुष्य गाळला आहे, नुसता भास उरला आहे. एवढ्यापुरते बालकवी मोने यांच्या अगदी जवळ येतात, आणि क्षणोक्षणी बदलणाऱ्या उजेडाचा पाठलाग हा दोघांचा सामाईक विषय आहे हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या पडलेल्या उन्हाचा रंग सांगताना कवी ‘पिवळा’ हा शब्द दोनदा उच्चारतो. तेथे ‘पिवळसर’ नाही. भासलेले ऊनदेखील बालकवींच्या हाती लागले की पुरे पिवळे होते.

‘श्रावणमास’मध्ये बागेतील स्त्रीही आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सोनचाफा, केवडा आणि पारिजात फुललेले आहेत. पारिजात पाहून भामेचा रुसवा मावळतो, म्हणजे झाडाचे नाव घेताच एक रुसलेली स्त्री कवितेत येऊन जाते. मग गावाच्या वेशीलगत मुली फुले आणि पत्री खुडताना दिसतात. पत्री खुडणे हे काम आहे, पूजेचे काम आहे. या मुली बागेत शिरल्या त्या कारणाने. आणि शेवटी देवदर्शनास निघालेल्या स्त्रियांच्या मुखावरचा हर्ष दाखवून कवी वाचकाला सांगतो की श्रावणाचे गीत वाचावयाचे ते तेथे, त्यांच्या चेहऱ्यावर. ऊन, पाऊस, इंद्रधनुष्य, बगळ्यांची माळ, गुराखी, हरिणी, सारे सारे या एका चेहऱ्याशी येऊन थांबते.

वाचण्याची ही कल्पना मोने यांच्या चित्राला संपूर्ण परकी आहे. सँत-आद्रेसच्या स्त्रीच्या तोंडावर काही लिहिलेले नाही. छत्री आणि टोपी यांच्या सावलीत ते जवळजवळ विरून गेले आहे. ती गुलाबाकडे कौतुकाने पाहते आहे, कंटाळली आहे, की उन्हामुळे डोके दुखते आहे, याचा पत्ता लागत नाही. चित्रकाराने तिची प्रतारणा केली असे काहींस वाटेल. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि वैद्याने उघड्यावर चित्रे काढण्यास मनाई केली होती, हे त्याच्या पत्रव्यवहारावरून कळते. डोळ्यांवरच ज्याचे सर्वस्व अवलंबून आहे अशा माणसाने डोळ्यांना दिसले तेवढ्याचीच हमी द्यावी, यात एक प्रामाणिकपणा आहे. मनातले त्याला दिसले नाही, म्हणून त्याने रंगविले नाही.

या प्रामाणिकपणाची किंमत मोने यांना पुढे कळून चुकली. त्यांची पत्नी कामीय ही त्यांच्या कितीतरी बागांच्या चित्रांतील स्त्री होती. १८६६-६७ च्या ‘बागेतील स्त्रिया’ या प्रचंड चित्रासाठी तीच उभी राहिली होती. ते चित्र इतके उंच होते की वरचा भाग रंगविता यावा म्हणून बागेत चर खणून फलक त्यात उतरवावा लागे; एवढे करून १८६७ च्या सरकारी प्रदर्शनाने ते नाकारले आणि बाझीय या मित्राने ते हप्त्याहप्त्याने विकत घेतले. १८७९ मध्ये कामीय वारली. मृत्युशय्येवरील तिचे चित्र मोने यांनी काढले, आणि कित्येक वर्षांनी क्लेमांसो यांच्याजवळ कबूल केले की त्या पहाटे प्रिय मुखाकडे पाहता पाहता आपण नकळत त्यावर उतरत चाललेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा मोजू लागलो होतो. त्यांना स्वतःचीच भीती वाटली होती. वैयाकरणांची परंपरागत धारणा अशी आहे की प्रकृती आणि प्रत्यय मिळून अर्थ सांगतात आणि त्यांत प्रत्ययाचा अर्थ प्रधान असतो. प्रधान असला तरी तो प्रकृतीवाचून उच्चारता येत नाही, ही गोष्ट त्या पहाटे मोने यांना जेवढी जाणवली असेल तेवढी सँत-आद्रेसच्या बागेत जाणवली नसेल.

सगळा पंथच असा होता असे मात्र समजू नये. बेर्त मॉरिसो या त्याच मंडळींतील चित्रकर्त्रीने आपल्या नवऱ्याला आणि लहान मुलीला बुजिव्हालच्या बागेत बसवून जी चित्रे काढली त्यांत कुंचल्याचे फटकारे मोने यांच्याइतकेच मोकळे आहेत, पण माणसे परस्परांकडे पाहत आहेत आणि मुलगी आपल्या खेळात गुंतलेली आहे. उजेड आणि मन एका फलकावर नांदू शकतात, याचा पुरावा पंथाच्या आतूनच मिळतो. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या परिसरात दृक्प्रत्ययवादाचे संस्कार झाले तेव्हा आपल्या चित्रकारांनी निसर्गचित्रांत उन्हाचे धडे मन लावून गिरविले. स्त्रीचे चित्र काढताना मात्र त्यांतील बहुतेक जण चेहऱ्याशी परत आले. त्यास भित्रेपणा म्हणणारे टीकाकार आहेत. बालकवींचा श्रावण ज्यांनी लहानपणी पाठ केला होता, त्यांना चेहरा सोडवला नाही, असेही म्हणता येईल.

राहता राहिला ‘औदुंबर’. ही आठ ओळींची कविता बालकवींच्या सर्व कवितांत चित्राच्या सर्वांत निकट जाते, आणि तीत स्त्री नाही. निळासावळा झरा, हिरवळ, पांढरी पायवाट, काळा डोह : रंगांची विशेषणे बहुधा साधी, एकेरी, उत्तरपदांवाचून आलेली आहेत. तेथे कवीला कशाचेही लग्न लावावयाचे नाही, कोणाच्या मुखाकडे बोट दाखवावयाचे नाही. पाहणारा मागे सरला आहे आणि दृश्य एकटे उरले आहे. तरीही अखेरीस झाड पाण्यात पाय सोडून बसतेच. बालकवींना एवढे एक माणूसपण तेथेही टाळता आले नाही, आणि मोने यांच्या बागेतील त्या पाठमोऱ्या स्त्रीपेक्षा हे बसलेले झाड अधिक ओळखीचे वाटते.